तिसऱ्या तारेवरची अंगठी

३ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

कुशल शेवटी विचारीन. आधी वस्तुस्थिती, घडली त्याच क्रमाने.

पहिली गोष्ट. आमच्या विनावैमानिक लढाऊ विमानाने गेल्या महिन्यापासून विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरायला सुरुवात केली. त्याला उतरवणारी आज्ञावली माझ्या गटाने लिहिली आहे. खरे सांगायचे तर मी लिहिली आहे आणि गटाने ती टंकली आहे.

दुसरी. डेकवर चार पोलादी तारा आडव्या ताणलेल्या असतात. विमानाखाली लोंबणारा आकडा त्यांतल्या एकीत अडकला की विमान थांबते. तिसरी तार सर्वांत सुरक्षित मानतात. आमचे विमान प्रत्येक वेळी तिसऱ्याच तारेत अडकले, आणि तेही तिच्या अचूक मध्यावर. जहाज हेलकावत असताना, आडवा वारा असताना, एकदाही वीतभर इकडे नाही की तिकडे नाही.

तिसरी. उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला शेरा देण्याचा अधिकार डेकच्या काठावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा असतो. तुम्ही जन्मभर ते काम केलेत, म्हणून निवृत्तीनंतरही या चाचण्यांसाठी नौदलाने तुम्हालाच बोलावले.

चौथी. तुम्ही आमच्या प्रत्येक उतरणीला 'ठीक' असा शेरा दिलात. 'उत्तम' एकदाही नाही.

पाचवी. त्याच आठवड्यात एक तरुण वैमानिक डगमगत आला, चौथ्या तारेत कसाबसा अडकला, आणि त्याला तुम्ही 'उत्तम' दिलेत.

मी भाची म्हणून सवलत मागत नाही. परंतु भाची आहे म्हणून कोणी पक्षपाताचा आरोप करील, या भीतीने तुम्ही हात आखडता घेत असाल, तर तो भित्रेपणा आहे, आणि तो तुम्हाला शोभत नाही. इंजिनांनी तुमचे कान नेल्यापासून फोनवर आपले संभाषण होत नाही, भांडण होते. तेव्हा कारणे लेखी कळवावीत.

मामींची कंबर कशी आहे?

तुमची भाची

---

९ फेब्रुवारी

चि. काटेकोरबाई,

तुझं पत्र तुझी मामी आधी वाचून मोकळी झाली आणि पोट धरून हसली. म्हणाली, "ही लहानपणी एक अक्षर ओळीबाहेर गेलं तर अख्खं पान फाडायची. आता शेरा ओळीबाहेर गेलाय, मामाला फाडणार." कंबर ठीक आहे. बघ, 'उत्तम' मी तिच्या कंबरेलाही देत नाही.

आता कारण ऐक. त्या पोराचं विमान शेवटच्या क्षणी खाली बसायला लागलं, कारण त्याच्याखाली जहाजाची शेपूट वर उचलली गेली. त्याने ते पाहिलं, घाबरला, हात आखडला, चुकलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि उरलेल्या निमिषात त्याने ते निस्तरलं. मी काठावर उभा राहून ते सगळं पाहिलं. 'उत्तम' त्याला देतात, बाई. तुझ्या जावयाने निस्तरण्यासारखं काही केलंच नाही, मग मी कशाला देऊ? सरळ रेषेला कोणी शाबासकी देतं का?

हो, डेकवर त्याला सगळे जावई म्हणतात. येणार म्हटलं की सगळ्यांनी वाट मोकळी करायची, आल्यावर तो कुणाकडे बघणार नाही, कुणाशी बोलणार नाही, आणि उतरला की चार जणांनी ढकलत न्यायचा.

मला खरी काळजी वेगळीच आहे. माझ्या हातात एक कळ असते. दाबली की लाल दिवे लागतात, आणि येणाऱ्याने 'का' म्हणून न विचारता पुन्हा वर जायचं. जहाजावर हा एकच हुकूम असा आहे की ज्याचं कारण तिथल्या तिथे कप्तानही विचारत नाही. माणसं ऐकतात, कारण त्यांना जीव प्यारा असतो. तुझा जावई ऐकणार का? की आधी गणित मांडत बसणार?

एक गंमत. आमचा धाकटा चिरंजीव तुला नमस्कार सांगतो. तुला ठाऊक आहेच, तारांच्या टोळीचा मुकादम आता तोच आहे. म्हणाला, "ताईला कळवा, तिसऱ्या तारेवर मधोमध चकचकीत कडं उमटलंय. बाकीची तार काळी ती काळीच. आम्ही त्याला चांदीची अंगठी म्हणतो. येणारा-जाणारा बोट फिरवून जातो." घे, शेरा नाही तर दागिना.

तुझा मामा

---

१४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तुमचा युक्तिवाद वाचला. चूक करून ती निस्तरणाऱ्याला बक्षीस आणि चूकच न करणाऱ्याला 'ठीक': हाच न्याय शाळेत लावला तर वर्गातली सगळी मुले आधी नापास होऊन दाखवतील. तुम्ही घबराट आणि कौशल्य यांत गल्लत करता आहात. तो वैमानिक पुढच्या खेपेला नशिबाने वाचेल किंवा वाचणार नाही. माझे विमान नशिबावर उतरत नाही.

'जावई' हा शब्द मला पसंत नाही. तो तुम्ही वापरणारच, हेही मला ठाऊक आहे.

लाल दिव्याबद्दल मात्र तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या प्रकल्पाच्या संचालकांचा आग्रह होता की लाल दिवा ही विमानाला सूचना असावी, आज्ञा नव्हे. विमानाने आपले गणित तपासावे आणि मगच वर जावे की उतरावे ते ठरवावे. कारण काय, तर "काठावरचा माणूस घाबरट असू शकतो." मी त्या बैठकीत एकच प्रश्न विचारला: तारेत कुणाचा पाय अडकला असेल तर ते तुमच्या गणितात कुठे येते? त्यानंतर मी ते कलम स्वतः लिहिले. लाल दिवा लागला की विमान परत फिरेल. कितीही वेळा लागला तरी फिरेल. इंधन कमी झाले की किनाऱ्यावरच्या धावपट्टीवर जाऊन उतरेल. पण दिव्याला उलटून विचारणार नाही. जगात कोणाच्याही आज्ञेत मी राहिले नाही, पण माझे विमान काठावरच्या माणसाच्या आज्ञेत राहील.

धाकट्याच्या अंगठीने मला तुमच्या सगळ्या शेऱ्यांपेक्षा जास्त आनंद दिला. पोलादाने दिलेली पावती आहे ती. ती नेमकी किती रुंद आहे हे त्याला मोजायला सांगा. संचालकही खूश आहेत. तिसऱ्या तारेच्या मध्यावर डेकवर पांढऱ्या रंगाची एक चौकट रंगवायची आहे, पाट मांडतात एवढीच. वसंतात पाहुण्यांसमोर जे प्रात्यक्षिक होईल त्यात विमान त्या चौकटीबाहेर आकडा टेकवणार नाही, अशी जाहीर घोषणा आहे. माझा त्याला आक्षेप नाही. उलट चौकट मोठी आहे, असे मी कळवले आहे.

तुमची भाची

---

२० फेब्रुवारी

चि. काटेकोरबाई,

लाल दिव्याचं वाचून बरं वाटलं. त्या बैठकीत मी असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या. मला काही ऐकू आलं नसतं, पण वाजवल्या असत्या.

अंगठी मोजली. चार बोटं. धाकट्याची बोटं, म्हणजे तुझी पाच समज. मी सगळं आयुष्य तारा पाहिल्या, पण असं कडं पाहिलं नाही. आमच्या वेळी तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच झिजायची, जुन्या उंबरठ्यासारखी. कोणी डावीकडे येई, कोणी उजवीकडे, कोणी नवरदेवासारखा वाकडातिकडा. ठरलेल्या उतरणी झाल्या की तार उतरवायची, तोडायची, नवी चढवायची. तुझ्या जावयाने आमच्या तारेला नखरा शिकवला.

चौकट रंगवून झाली. धाकट्याच्या टोळीनेच रंगवली. प्रात्यक्षिकासाठी डेक तयार असल्याचा दाखला मी सही करून दिला. दोन जावई, आळीपाळीने, पोटाखाली नकली बॉम्बचं पूर्ण ओझं घेऊन, पाहुण्यांचं मन भरेपर्यंत उतरत राहणार. माणूस असता तर बॉम्ब समुद्रात टाकून हलका होऊन आला असता. पण महाग बॉम्ब न टाकता परत आणता येतो, हेच तुमच्या संचालकांना दाखवायचं आहे म्हणे.

तुझा मामा

---

११ मार्च

मामा,

हे पत्र मिळताच तिसरी तार उतरवायला सांगा. कारण खाली देते, पण कारण वाचण्याआधी निरोप पाठवा.

पाठवलात? आता वाचा.

तुमचे मागचे पत्र मी फाईलला लावले आणि आठवडाभर विसरले. मग चौकट मोठी आहे हे सिद्ध करण्यासाठी मी आकड्याच्या सर्व स्पर्शबिंदूंचा आलेख काढला. मला एक टिंब दिसले. पाहून मला अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी तुमचा उंबरठा आठवला.

तार किती उतरणींनंतर बदलायची, हा आकडा कुठून आला? मी शोधले. तो माणसांच्या उतरणींवरून आला आहे. माणसे डावीउजवीकडे येतात, दुसरीत-चौथीत अडकतात, म्हणून मार सगळ्या तारांवर आणि प्रत्येक तारेच्या सगळ्या लांबीवर वाटला जातो. तुमच्या नियमाने माणसाच्या अचूक नसण्याचे गणित कधी केले नाही. ते आपोआप त्यात येऊन बसले. माझे विमान तो सगळा मार चार बोटांवर घालते. ती अंगठी दागिना नाही, मामा. तार तिथे आतून तुटते आहे. तिचे ठरलेले आयुष्य अर्धेही झालेले नाही, म्हणून नियमाने तिच्याकडे कोणी पाहणार नाही.

ताणलेली तार तुटली तर काय होते, ते तुम्ही मला लहानपणी सांगितले आहे. ती डेकवर चाबकासारखी फिरते, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर जे असेल ते नेते. धाकटा कुठे उभा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

कोणी असे म्हणू नये की माझ्या कामात चूक होती. माझे काम जे करायला सांगितले ते निर्दोष करते. तुमचा नियमही त्याच्या जागी निर्दोष होता. दोन निर्दोष गोष्टी शेजारी ठेवल्या आणि मधल्या फटीत तुमचा मुलगा उभा आहे.

उपाय मी लिहिला आहे. विमान यापुढे दर खेपेला वेगळा बिंदू निवडेल: कधी हातभर डावीकडे, कधी उजवीकडे, कधी दुसरी तार. वेडेवाकडे नव्हे, ठरवून विखुरलेले. संचालकांना दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "बाई, माणसासारखंच उतरायचं असेल तर माणूस काय वाईट होता? पाहुण्यांना मी चौकट दाखवणार आहे." मी म्हटले, चौकट पुसा.

ते चहा प्यायला गेले.

तुमची भाची

---

१६ मार्च

चि. काटेकोरबाई,

तुझ्या सांगण्याप्रमाणे निरोप पाठवला, मग पुढचं वाचलं. हुकूम पाळायची सवय कान गेल्यावरही जात नाही. निरोपाला उत्तर आलं: तार ठरलेल्या आयुष्याच्या आत आहे, उतरवायचं कारण नाही.

काल तुझे संचालक घरी आले होते. सभ्य माणूस आहे. मामीशी मोठ्याने आणि माझ्याशी हळू बोलले, म्हणजे मला सगळं मामीकडून कळलं. त्यांचं म्हणणं, प्रात्यक्षिकाच्या सकाळी नवी कोरी तार चढवू, एका दिवसात काय होतंय? नंतर तुझं विखुरणं सावकाश बघू. आणि तू दर बैठकीत माणसांना खाऊ की गिळू करतेस, असंही म्हणाले. त्यात त्यांनी नवीन काही सांगितलं नाही.

बाई, जरा दमाने घे. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही आपल्या घराची जुनी खोड आहे. धाकट्याला विचारलं. तो म्हणतो, "ताईला कागदावर सगळंच तुटताना दिसतं. आम्ही रोज तारेवरून पाय टाकून जातो." बाकीची टोळी त्याच्या बाजूने आहे.

आणि एक गोष्ट तुला आधी सांगितली नाही, ती आता सांगतो, नाहीतर उद्या तुला दुसऱ्याकडून कळेल. प्रात्यक्षिकात काठावर मी उभा राहणार आहे. गणवेशात. कळ माझ्या हातात. संचालकांनीच मला ते देऊ केलं आहे. मला वाटलं होतं की शेवटचं विमान मी केव्हाच उतरवलं. मामीने गणवेश काढून उन्हात घातला आहे. तो अजून बसतो, फक्त श्वास घ्यायचा नाही.

तुझा मामा

---

२१ मार्च

मामा,

गणवेश बसतो हे वाचून आनंद झाला. कशाच्या बदल्यात बसतो तेही समजले.

तुम्हाला काठावर उभे करण्यात संचालकांचा हेतू तुमचा सन्मान नाही. तुमच्यासारखा माणूस काठावर शांतपणे उभा दिसला की भाचीचे म्हणणे खोटे ठरते, एवढाच हिशोब आहे. सभ्य माणूस आहे, हे तुम्ही लिहिलेत. चहा पिण्यात तो सभ्य आहे, याला माझाही दुजोरा आहे.

'एका दिवसात काय होतंय' याचे उत्तर असे. दोन विमाने, पूर्ण ओझे, एकच बिंदू, आणि मधे तार बदलायला वेळ नाही. नवी तार तो दिवस काढील की नाही, हे मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही, कारण अशी परीक्षा कोणी कधी घेतलेली नाही. ज्याचे उत्तर मला सांगता येत नाही, ते मी माणसे तारेजवळ उभी करून शोधणार नाही.

परवा मला माझ्या खोलीतून काढले. माझे ओळखपत्र दाराला लागेना. पहारेकरी खाली मान घालून उभा होता, म्हणून त्याच्याशी भांडता आले नाही. मी बसवलेले विखुरणे काढून विमानात जुनी आज्ञावली पुन्हा बसवली आहे. ती माझीच आहे, आणि ती आजही तेवढीच अचूक आहे. माझ्याच हाताने तीक्ष्ण केलेले हत्यार आहे हे, ते मला ओळखणार नाही. त्यांनी मला एक कागद पुढे केला: 'वैयक्तिक कारणासाठी रजा'. मी त्याच्या मागच्या बाजूला लिहून दिले की माझे वैयक्तिक कारण सहा फूट उंच आहे आणि तारांच्या टोळीत काम करते.

धाकट्याला सांगा, माझ्या कागदावर विश्वास ठेवू नकोस. सुती चिंधी घे आणि अंगठीवरून दाबून ओढ. बोट फिरवू नकोस. बोटाला वरचे गुळगुळीत लागते. चिंधी तारेच्या पिळातल्या तुटलेल्या पोलादी धाग्याला अडकते. अडकली नाही तर मी दोघांची माफी मागेन, आणि मी माफी मागते तेव्हा काय होते ते पाहायला मामी नक्की येतील.

लाल दिव्याचे कलम मात्र मी बैठकीत सर्वांसमोर मंजूर करून घेतले होते. ते अजून जागेवर आहे. विमान आजही काठावरच्या माणसाचे ऐकते. प्रश्न एवढाच उरतो की काठावरचा माणूस कोणाचे ऐकतो.

तुमची भाची

---

२ एप्रिल

चि. काटेकोरबाई,

तुझ्या पत्राचा राग आला. चार दिवस तुझं नाव घरात काढू दिलं नाही. पाचव्या दिवशी मामी म्हणाली, "पोरीने शिव्या दिल्या म्हणून चिंधी ओढायला काय जातंय?"

काल पाहुण्यांशिवायची रंगीत तालीम होती. सकाळी मी गणवेश चढवून डेकवर गेलो आणि धाकट्याला म्हटलं, "चिंधी आण." तो म्हणाला, "बाबा, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, "आण रे, गणवेशात वाकता येत नाही, तूच ओढ." टोळी हसायला लागली. त्याने मुठीत चिंधी धरून अंगठीवरून ओढली. निम्म्यात अडकली. त्याने हिसका दिला तर चिंधी फाटली, आणि तिचा तुकडा तारेवर झेंड्यासारखा फडफडत राहिला. मग कोणी हसलं नाही. दुसऱ्या हिसक्याला आणखी दोन तुकडे. धाकटा उठला, एकदा तारेकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे.

मी वर कळवलं: तार उतरवा, तालीम थांबवा. निरोप आला: विमान निघालं आहे, एवढी एक उतरण होऊ द्या, मग बघू.

तेवढ्यात तो दिसलाच. काय येतो गं तुझा जावई! मी इतकी वर्षं आकाशाकडे डोळे लावून उभा राहिलो, पण इतकं देखणं येणं पाहिलं नाही. ना डावीकडे, ना उजवीकडे, चौकटीवर नजर ठेवून, जसा काही दोरीवरून घसरतोय. मी मनात 'उत्तम' म्हटलं आणि कळ दाबली.

लाल दिवे लागले. तो तारांच्या वरून गरजत गेला आणि वर चढला. उलटून विचारलं नाही. फेरी मारून पुन्हा आला, पुन्हा तसाच देखणा. पुन्हा दाबली. संचालक मनोऱ्यातून उतरून माझ्याकडे धावत आले आणि माझ्या कानाशी ओरडायला लागले. मी कानातलं यंत्र काढलं, खिशात टाकलं, बटण लावलं, आणि तिसऱ्यांदा कळ दाबली. त्यांचं तोंड उघडझाप करताना दिसत होतं, माशासारखं. सभ्यपणा थोडा कमी झाला होता.

शेवटी जावई किनाऱ्याच्या धावपट्टीवर जाऊन उतरला.

मग धाकट्याने कोणाच्या हुकमाची वाट न बघता तार उतरवली. उतरवलेली तार त्याच दिवशी तोडायची, म्हणजे कोणी चुकून पुन्हा चढवू नये, हा टोळीचा जुना नियम. त्याने पहिला घाव अंगठीच्या अल्याड घातला, दुसरा पल्याड. मधला तुकडा माझ्यासमोर ठेवला. आतून बघा म्हणाला. वरून चांदी, आत नुसता भुगा.

त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "बाबा, ताईला सांगू नका की मी तिला वेडी म्हटलं होतं." म्हणून सांगतोय.

शेऱ्यांच्या फळीवर मी काल एकच शेरा लिहिला. तुझ्या जावयाच्या नावापुढे: 'उत्तम'. उतरला नाही, त्यासाठी. खाली सही केली. पुसायचं असेल तर त्यांनी पुसावं, अक्षर खोल आहे.

पण ऐक, गोष्ट संपलेली नाही. संध्याकाळी मला बोलावून तोंडी सांगण्यात आलं (मी यंत्र कानात घातलं होतं, कुतूहल म्हणून): प्रात्यक्षिक ठरलेल्या दिवशीच होणार. चौकट राहणार. काठावर दुसरा माणूस असणार. आणि त्या दिवसापुरतं विमानाने लाल दिव्याचं ऐकू नये, अशी व्यवस्था करणार. मी विचारलं, "हे लिहून देता?" ते म्हणाले, "सगळंच लिहायचं नसतं."

गणवेश मामीने परत ट्रंकेत ठेवला नाही. खुंटीला टांगला आहे. काय करायचं ते तू ठरव. मसुदा तुझा, सही दोघांची. गोड बोलू नकोस, तुला जमत नाही.

तुझा मामा

---

४ एप्रिल

प्रति,
संचालक, विनावैमानिक लढाऊ विमान प्रकल्प

महोदय,

वस्तुस्थिती घडली त्या क्रमाने पुढीलप्रमाणे आहे. कोणतेही विधान खोडायचे असल्यास कृपया नेमके तेच खोडावे. संपूर्ण पत्र बाजूला ठेवणे हे खोडणे नव्हे.

विमान दर खेपेला एकाच बिंदूवर उतरते. त्यामुळे तिसऱ्या तारेवर होणारा सगळा मार चार बोटांच्या पट्ट्यात साठतो. तार बदलण्याचा विद्यमान नियम माणसांच्या विखुरलेल्या उतरणींवर बेतलेला असल्याने तो येथे लागू पडत नाही. हे मी आपणास मार्चमध्ये तोंडी सांगितले, आपण हसलात. उपाय लिहून दिला; आपण तो विमानातून काढलात आणि मलाही खोलीतून काढलेत. तालमीच्या दिवशी तारेत तुटलेले धागे सर्वांसमक्ष आढळले. तालीम थांबवण्याची मागणी झाली. आपण ती नाकारलीत. काठावरच्या अधिकाऱ्याने आपल्या अधिकारात विमान तीनदा परत फिरवले, आणि विमानाने ती आज्ञा तीनदा पाळली. त्या दिवशी डेकवर आपल्याखेरीज प्रत्येकाने, यंत्रानेसुद्धा, आपले काम चोख केले. त्यानंतर आपण विमानाला लाल दिव्याची आज्ञा न मानण्यास शिकवायचे ठरवलेत.

आमची भूमिका अशी.

विखुरून उतरणारी आज्ञावली पुन्हा बसवली जाईपर्यंत आणि पांढरी चौकट पुसली जाईपर्यंत मी कोणत्याही चाचणीच्या कागदावर सही करणार नाही. लाल दिव्याचे कलम मी लिहिले आहे. ते काढणाऱ्या माणसाला मी ते कसे काढावे हे सांगणार नाही, आणि माझ्याशिवाय ते सुरक्षितपणे काढू शकेल असा मनुष्य आपल्या इमारतीत नाही. ही बढाई नसून गैरसोयीची वस्तुस्थिती आहे. सहस्वाक्षरी करणारे अधिकारी डेक तयार असल्याचा आपला दाखला या पत्राद्वारे मागे घेत आहेत. तारांच्या टोळीने काल एकमताने ठरवले आहे की खालील प्रश्नांची उत्तरे हाती पडेपर्यंत त्यांच्यापैकी कोणीही डेकवरच्या धोक्याच्या रेषेच्या आत पाऊल टाकणार नाही. नवी तार चढवायची असल्यास ती आपण स्वतः चढवावी. ती जड असते.

माझ्या विमानाच्या अचूकतेविषयी आपण पाहुण्यांना जे सांगितले आहे ते सर्व खरे आहे. ती अचूकता माझी आहे, आणि तिचे काय करायचे हे मला आपल्यापेक्षा अधिक कळते. पाहुण्यांना दाखवायचेच असेल तर हे दाखवा: ते आज्ञा मिळताच परत फिरते. कोणत्याही चौकटीपेक्षा ती गोष्ट घडवणे कठीण होते.

पुढील तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. तार तुटल्यास तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसांची जबाबदारी आपण व्यक्तिशः घेता काय? विमानाने काठावरच्या माणसाचे ऐकू नये, असा आपला आदेश आहे काय? असल्यास, तो आदेश आपण आपल्या नावाने आणि सहीने देता काय?

सोबत तिसऱ्या तारेचा, दोन्ही बाजूंनी तोडलेला, अंगठीचा तुकडा पाठवला आहे. आधी तो आतून पाहावा. नंतर उत्तर लिहिताना कागद उडू नये म्हणून त्यावर ठेवावा; वजन पुरेसे आहे.

उत्तर लेखीच हवे. तोंडी आदेश आम्हा दोघांनाही ऐकू येत नाहीत: एकाचे कान इंजिनांनी नेले आहेत, आणि दुसरीला ऐकायचे नाही.

उतरवणी आज्ञावलीची लेखिका (सही)
काठावरचा माणूस (सही)